दोनशे बाराव्या ओळीवर थांबलेली लिफ्ट

दिवा तसाच मंद राहू द्या आणि मोबाईल खाली ठेवा. ज्याची गोष्ट सांगतोय तो माझा सख्खा मेव्हणा, त्यामुळे मला थापाड्या म्हणायची सोय नाही.

हा लिफ्टचे प्रोग्राम लिहायचा. हुशार, पण अंगात मस्ती. प्रोग्राममधली चूक शोधायला एखाद्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावतात. प्रोग्राम तिथे आला की जागच्या जागी थांबतो आणि तुम्ही 'पुढे' दाबेपर्यंत हलत नाही. हे टेबलावर करायचं, चालू लिफ्टवर कधीच नाही. यानं चालू लिफ्टवर केलं. दोनशे बाराव्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, तेवढ्यात मित्रांचा रात्रीच्या जेवणाला फोन आला आणि गडी तसाच उठून गेला. लिफ्ट आठव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आतली घंटाही प्रोग्रामबरोबर बंद. आत मेकॅनिक होता, दम्याचा माणूस. सकाळी दार तोडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

यानं गुपचूप ब्रेकपॉइंट काढून टाकला. खापर फुटलं इमारतीच्या वायरमनच्या डोक्यावर. त्याची नोकरी गेली, वर पोलिसांचा ससेमिरा. मला अजून मेव्हण्याचा राग येतो, स्पष्टच सांगतो.

महिन्याभरानं चौकशी लागली. बारा डिसेंबरला सकाळी समिती प्रोग्रामच्या नोंदी, म्हणजे लिफ्टमध्ये कधी काय झालं हे प्रोग्राम आपोआप लिहून ठेवतो ते, बघणार होती. म्हणून अकरा डिसेंबरला, रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, हा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये शिरला. लॅपटॉप जोडला, मेकॅनिक गेला त्या रात्रीच्या सगळ्या नोंदी पुसल्या. दहा मिनिटांचं काम. मग शीळ घालत त्याच लिफ्टमध्ये शिरला. जिने उतरायचा कंटाळा, दुसरं काय!

आठवा मजला गेला. लिफ्ट थांबली.

फोनला रेंज नव्हती. लॅपटॉप मात्र लिफ्टच्या प्रोग्रामला वायरलेसनं जोडलेला होता. त्यानं तो उघडला. दोनशे बारावी ओळ. शेजारी ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका. यानं लावलेला नव्हता. काढला. परत आला. 'पुढे' दाबलं. लिफ्ट बोटभर सरकली... थांबली.

पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, आत माणसं : दोन.

त्यानं मागे बघितलं नाही. कानाशी कुणीतरी श्वास ओढत होतं. शिट्टीसारखा... अडकत... पुन्हा ओढत...

"कोण... कोण आहे?"

मेव्हण्यानं हात जोडले.

"चुकलो मी! सगळं सांगतो. सकाळी सांगतो, शपथ!"

श्वास थांबला. मग अगदी मानेजवळून आवाज आला.

"मीपण सकाळचीच वाट बघत होतो, साहेब."

सहा वाजता पहारेकऱ्यानं दार उघडलं. मेव्हणा जिवंत होता. पण उजेड दिसला, चार माणसं दिसली आणि गड्याची जीभ फिरली. समितीसमोर म्हणाला, "मला काहीच माहीत नाही. वायरिंगचाच घोटाळा असणार." वायरमन समोर खाली मान घालून बसला होता.

समितीनं नोंदी उघडल्या. मेकॅनिक गेला त्या रात्रीचं पान कोरं. फक्त एक नोंद होती, पहाटे तीन वाजून वीस मिनिटांची.

'साहेबांनी ब्रेकपॉइंट लावलाय. मी अजून आत आहे.'

कुठून लिहिली, तेही शेजारी आलं होतं. लिफ्टच्या आतून. आणि आत फक्त मजल्यांची बटणं असतात, पोरांनो... अक्षरं नसतात.