रणगाड्याची आंघोळ

"कुणी धुतला?"

तोकुजींच्या आवाजाने फडताळातल्या वाट्या थरथरल्या. वर्षअखेरची सफाई चालू होती. जपानमधल्या शिझुओकातल्या घराघरांतून चटया झटकल्या जात होत्या, काचा पुसल्या जात होत्या, आणि तोकुजींच्या दोन्ही हातांवर, नवजात अर्भकासारखा, त्यांचा छोटेखानी नमुन्याचा रणगाडा होता... चकचकीत! वर्षभर खपून त्यांनी तो जोडला, रंगवला आणि मग दुप्पट मायेने मळवला होता. स्पंजाने टिपून टिपून गंज चढवला होता, फटींतून पातळ तेलरंगाचे ओघळ सोडले होते, चाकांना मातीची पूड थापली होती. मांजराने बिऱ्हाड करावं एवढा मोठा तो रणगाडा मे महिन्यातल्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात जायचा होता. आता तो थेट बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसत होता.

"बोला ना! माझी सगळी लढाई कुणी पुसली?"

सून नोबुए वळली. मागे सासूबाई, शिगेनो, उभ्या होत्या. त्यांच्या मुठीत ओला टूथब्रश होता आणि डोळ्यांत वाट चुकलेल्या लेकराची भीती. नोबुएने तो ब्रश हळूच काढून घेतला आणि पुढे धरला.

"मी, बाबा. मला घाण वाटली."

तोकुजी रणगाडा घेऊन खोलीत गेले. शिगेनोंनी सुनेचा हात घट्ट धरला.

"पोरी, ती त्यांची मुद्दामची घाण आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही गं... हल्ली काहीच राहत नाही. त्यांना सांगू नकोस. मला वृद्धाश्रमात टाकतील!"

"नाही सांगणार, आई. कधीच नाही."

नवरा, तात्सुओ, ट्युना मासे पकडणाऱ्या बोटीवर, दूर समुद्रात. मन मोकळं करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. त्या दिवसापासून तोकुजींनी सुनेशी बोलणं टाकलं. जे काही सांगायचं ते भाताच्या कुकरला सांगू लागले. "कुकर, चहा गार आहे म्हणावं." कुकर भिडस्त, तो काही बोलत नसे. पण तिरस्काराचा तो एकेक शब्द नोबुएच्या काळजात खोल रुतत होता... आणि सत्य सांगणं तर ओठांवर येऊनही गिळायचं होतं!

नवं वर्ष लागलं, संत्र्यांच्या साली वाळल्या, आणि एका सकाळी नोबुए पदर खोचावा तशी ॲप्रनची गाठ आवळून कुकरसमोर उभी राहिली.

"कुकरराव, बाबांना सांगा, रणगाडा मी पुन्हा मळवणार आहे. मेच्या आत."

पेपरामागून उत्तर आलं, "कुकर, तिला म्हणावं, हात तरी लावून बघ!"

मग तिने बादलीवर सराव केला. गंज इतका हुबेहूब साधला, की शेजारीण कणव येऊन नवी बादली देऊन गेली. नोबुएने तीही गंजवली. तोकुजी येता-जाता बादल्यांकडे पाहत, हुंकारत. अखेर एक दिवस त्यांना राहवलं नाही.

"कुकर, अकलेचे दिवे! गंज वरून खाली ओघळतो. हिचा वर चढतोय!"

दुसऱ्या दिवशी रणगाडा जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. कोणी ठेवला हे कोणी विचारलं नाही. नोबुएने दात आवळून कडांवरचा रंग झिजवला, चुकलं ते पुसलं, पुन्हा लावलं. बोटांना तेलरंगाचा वास चिकटला, भातालासुद्धा. एप्रिल सरता सरता रणगाडा असा मळला, की तोकुजींनी त्याच्याभोवती फेरी मारली आणि कुकरलाही काही सांगितलं नाही!

प्रदर्शनाच्या सकाळी खोका तयार होता. रणगाडा नव्हता. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता...

टबात, वाफाळत्या पाण्यात, रणगाडा बसला होता. शिगेनो त्याची पाठ चोळत होत्या.

"तात्सुओ, केवढा चिखल रे! बोटीवर आंघोळ घालत नाहीत का तुला?"

तोकुजी दारातच थिजले. ओघळून गेलेला गंज पाहिला, बायकोचा तो प्रेमळ, परका झालेला चेहरा पाहिला.

"तेव्हाही... हीच?"

"नाही हो बाबा, तेव्हा मीच..."

"नोबुए!" कित्येक महिन्यांनी ते तिच्या नावाने बोलले. "तुला गंज जमला. खोटं अजून वर चढतंय."

"आईंना आश्रमात पाठवू नका, बाबा! मला हवं तेवढं बोला, पण..."

"मूर्ख पोरी, हिच्या वाटची बोलणी तू एकटीने खाल्लीस..." त्यांनी बाह्या सरसावल्या आणि टबाशी गुडघे टेकले. "शिगेनो, अगं, कानामागे राहिलंय. दे इकडे."

रणगाड्याला कान नव्हते. त्यांनी ते तरीही धुतले.

प्रदर्शनात चिखलाने माखलेल्या रणगाड्यांच्या रांगेत तो एकटाच लखलखत बसला. परीक्षक चष्मा सारत म्हणाले, "तोकुजी, काम सुरेख आहे हो, पण हा मळवला का नाहीत?"

"मळवला होता, माझ्या सुनेने. बायकोने धुतला." तोकुजींनी एका हाताने शिगेनोंचा हात धरला होता, दुसऱ्याने नोबुएला पुढे ओढलं. "आता आम्ही दोघं परत मळवू. ती परत धुईल. त्यात काय एवढं!"