घरापासूनचं अंतर

आमच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण एकच चूक करतो. ग्राफवरची रेघ वर चढताना दिसली की म्हणतो, "साहेब, गाडी चढावर आहे." मग मी समजावतो की हे रस्त्याचं चित्र नाही. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला डेपोपासूनचं अंतर. रेघ वर गेली म्हणजे गाडी लांब चालली, खाली आली म्हणजे परत येतेय. रेघ जितकी उभी, तितकी गाडी जोरात. आणि आडवी रेघ म्हणजे गाडी उभी आहे.

मालाच्या ट्रकना बसवलेल्या यंत्रांचे हे ग्राफ वाचणं माझं काम. रेघेवरून मला ड्रायव्हरही ओळखता येतो. एकाला आम्ही 'जिना' म्हणतो, कारण तो दर थोड्या वेळाने गाडी बाजूला घेतो आणि त्याच्या रेघेला पायऱ्या पडतात.

बायको आजारी पडल्यावर तसलंच एक यंत्र मी तिच्या पर्समध्ये टाकलं. काडेपेटीएवढी डबी. अंतर मात्र डेपोऐवजी आमच्या घरापासूनचं. ती हॉस्पिटलला चालत जायची. गाडीने सोडतो म्हटलं तर ऐकायची नाही. मी ऑफिसात बसून तिची रेघ बघायचो. जरा चढ, मग आडवी. पुन्हा जरा चढ, पुन्हा आडवी. तिला दम लागायचा. औषधाचं दुकान, पुलाचा कठडा, शाळेची भिंत, या तिच्या थांबायच्या जागा.

"आज पुलावर बराच वेळ थांबलीस," मी संध्याकाळी म्हणायचो.

"बायकोवर पाळत ठेवता? मी काय तुमचा ट्रक आहे का हो?"

शेवटच्या वेळी गेली ती हॉस्पिटलमधून परत आली नाही. मी पर्स घरी आणली, डबीतली बॅटरी काढली आणि डबी ऑफिसच्या कपाटात ठेवली. ग्राफवर मात्र रेघ हॉस्पिटलच्या अंतरावर आडवी चालूच राहिली.

"काका, बंद पडलेलं यंत्र शेवटची जागा दाखवत राहतं," आमचा यंत्रं दुरुस्त करणारा म्हणाला. ते मला पटलं. पुसून टाकायचं रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं.

पुढे मुलीने मला तिच्याकडे राहायला न्यायचं ठरवलं. तिचं गाव तीन तासांवर. घराला भाडेकरू मिळाले. रविवारी किल्ली द्यायची होती. त्याच आठवड्यात रेघ खाली झुकली.

दुरुस्तीवाल्याने कपाट उघडून डबी हातात घेतली, उलटसुलट केली. "दुसऱ्या कुठल्या यंत्राचा नंबर मिसळला असेल," तो म्हणाला. त्याने सगळे नंबर तपासले. मिसळलेला कुठलाच सापडला नाही.

रेघ फार सावकाश उतरत होती. बायकोला अर्धा तास लागायचा ते अंतर कापायला दिवसच्या दिवस जात होते. पण मधेमधे ती आडवी व्हायची. आधी शाळेच्या भिंतीच्या अंतरावर. मग पुलाच्या.

मी कागदावर छापून घेतली आणि पट्टी लावून पुढे वाढवली. ती सोमवारी दुपारी शून्याला टेकत होती.

"रविवारचं सोमवारी करता येईल का?" मी मुलीला विचारलं.

"का?"

मी कागद पुढे केला. तिने बराच वेळ बघितला. "उतार आहे. मग?"

"उतार नाही गं. परत येतेय."

"कोण?"

"रेघ," मी म्हणालो.

ती कागद घडी घालून माझ्या खिशात ठेवत म्हणाली, "बाबा, त्या लोकांचं सामान ट्रकमध्ये भरून झालंय. आणि तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. चला."

मी गेलो.

सोमवारी मुलगी कामावर होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी मोबाइल समोर घेऊन बसलो. दुपारी रेघ औषधाच्या दुकानाशी थांबली, मग शून्याला टेकली. भाडेकरूंना फोन करावासा वाटला. पण विचारणार काय? दारात कोणी आहे का, असं?

रेघ शून्यावर आडवी राहिली. कोणी घरभर फिरून प्रत्येक खोलीत डोकावेल, साधारण तेवढा वेळ.

मग ती वर निघाली.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "काका, ग्राफ अंतर सांगतो, दिशा सांगत नाही, तुम्हीच शिकवलंत. कुठेही जात असेल." त्याचं खरं होतं. मी जुन्या घरापासून मुलीच्या घराचं अंतर काढलं आणि मोबाइलवरच्या ग्राफवर तेवढ्या उंचीला खूण केली.

रेघ खुणेकडे चढत होती. मी बराच वेळ तिच्यातली आडवी जागा शोधत होतो. एकही नव्हती.

सरळ रेघ. आमच्या ट्रकपेक्षा उभी.

आता तिला दम लागत नव्हता.

इतके दिवस मला एकच हवं होतं. ती येईल तेव्हा मी घरी असावं. मी घरीच होतो.

मी उठलो आणि दाराची साखळी लावली.

परत येऊन बघितलं. रेघ आडवी झाली होती. खुणेवर.

संध्याकाळी मुलगी आली, किल्लीने दार उघडलं, ते फटीएवढंच उघडलं. "बाबा, दिवसाढवळ्या साखळी कशाला?"

"जिन्यात कोणी आहे का?"

"कोण असणार? काढा ना."

मी साखळी काढली, तिला आत घेतलं आणि पुन्हा लावली. हल्ली ती स्वतःच लावते, माझ्या समाधानासाठी.

रेघ अजून तिथेच आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, बंद यंत्र शेवटची जागा दाखवतं. असेलही. पण इतकी वर्षं मी नवीन माणसांना हेच शिकवत आलो आहे. आडवी रेघ म्हणजे गेली नाही. उभी आहे.