कमळ कापलेली फिल्म

“ताई, ही फिल्म टाकू नका हं,” अण्णांच्या जुनाट सर्दीसाठी काढलेला डोक्याचा एक्स-रे हातात देताना तंत्रज्ञ म्हणाला होता. केतकीने नुसती मान डोलावली. सासऱ्यांची सर्दी बरी झाली आणि दिवाळीत त्याच फिल्ममध्ये कमळ कापून तिने रांगोळीचा छापा केला!

काही वर्षांनी वादळात अण्णांची होडी परतली नाही. पुढे किनाऱ्याला एक देह लागला, पण चेहरा ओळखू येईना, बोटांचे ठसेही उरले नव्हते. सासूबाई रोज अण्णांचं ताट वाढत. म्हणत, “आधी खात्री करा, मग रडते.”

ओळख पटवायला देह प्रयोगशाळेत नेला. तिथल्या ‘पारखी’ यंत्रमानवाने केतकीला विचारलं, “त्यांच्या डोक्याचा जुना एक्स-रे आहे?”

केतकीला दिवाळीत कापलेलं ते कमळ आठवलं. दुसऱ्या दिवशी तिची लेक रेवा रांगोळीच्या डब्यातून तो छापा घेऊन आली.

पारखीने तो उजेडासमोर धरला. “गालावर कमळ? असा आजार माझ्या माहितीत नाही.”

“आजार नाही, आईची करामत आहे!” रेवा म्हणाली.

“असो, कपाळ शाबूत आहे. भुवयांच्या वर हाडात सायनस (हवेच्या पोकळ्या) असतात. त्यांची कड किनाऱ्यासारखी वेडीवाकडी. जुळ्या भावंडांचीही सारखी नसते. आणि माणूस मोठा झाला की ती फारशी बदलत नाही.”

“पण त्या देहाच्या कपाळात कसं बघणार? कापून?” रेवाने विचारलं.

“छे! सीटी स्कॅन (क्ष-किरणांनी टिपलेल्या पातळ चकत्यांची चित्रं) केलाय. चकत्या रचल्या की पडद्यावर अख्खी कवटी उभी राहते. ती जुन्या एक्स-रेतल्या डोक्याइतकीच कलती करायची, मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवायची.”

पडद्यावर दोन रेषा सरकत सरकत एक झाल्या. डावीकडचे उंचवटे, उजवीकडची खोल खाच, सगळं जुळलं.

“आता डॉक्टरबाई तपासतील,” पारखी हळूच म्हणाला. “नाव देणं माणसाचं काम.”

बाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं. “हे अण्णाच.”

सासूबाई पोटभर रडल्या. मग पारखीच्या थंडगार हातावरून हात फिरवत म्हणाल्या, “माझा माणूस घरी आणलास रे बाबा!” आणि केतकीकडे वळून, “कापताना कपाळ तेवढं सोडलंस गो, देव तुझं भलं करो.”

केतकीने ती भोकाची फिल्म छातीशी धरली. उद्या अशीच जुनी चित्रं किती बिननावाच्या माणसांना घरी पोचवतील!

मुलांनो, एक ऐकाल? तुमच्या शेजारी कुणी अजून वाट बघत एक ताट जास्त वाढतंय का? आज जरा त्यांच्याकडे डोकावून या ना.