रतनजोतीचा साबण

"रतनजोत आहे का?"

टेंभी नाक्यावर नवरात्राच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते. हातोड्यांच्या ठकठकीत कुणाला काही ऐकू येईल तर शपथ. मेघनाने काष्ठौषधींच्या त्या चिंचोळ्या दुकानात मान आत घालून पुन्हा विचारलं, यावेळी जवळजवळ ओरडूनच.

"रतन आहे," गल्ल्यामागचा तरुण उठत म्हणाला. "जोत शोधावी लागेल."

"काय?"

"माझं नाव रतन. आणि रतनजोत वरच्या डब्यात असते. महिनाभर कुणी मागितली नव्हती हो, जोक वाया चाललेला."

मेघनाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. अशा मुलांसमोर हसलं की ते लगेच दुसरा जोक काढतात, असा तिचा अनुभव होता. रतनने तिच्या हसण्याची वाट न बघताच स्टुलावर चढता चढता दुसरा काढला, तो हातोड्यांत बुडाला, आणि तो काय होता हे विचारायचा मोह तिने मोठ्या कष्टाने आवरला.

"मटणाला पाहिजे की केसांच्या तेलाला?"

"साबणाला. लव्हेंडरचा साबण करतेय. जांभळा."

डबा हातात घेऊन तो स्टुलावरच थांबला. "मॅडम, ही लाल असते. तेलात टाकली की लालभडक. लहानपणापासून बघतोय मी."

"तेलात लाल. साबणातला क्षार लागला की जांभळी होते."

"तुम्ही बघितलंय?"

"...वाचलंय."

"अच्छा, वाचलंय," असं म्हणून तो इतका गोड हसला की मेघनाच्या डोक्यात तिडीकच गेली.

"लावा पैज! जांभळा झाला तर साबणाची सगळी खोकी तुम्ही उचलायची. मी सांगेन तिथे."

"आणि लाल राहिला तर?"

"नाही राहणार."

"राहिला तर तलावपाळीला माझ्यासोबत आईस्क्रीम खायचं," तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच धिटाईला घाबरून रतनजोतीच्या मुळांची सालपटं कागदात बांधायला लागला. पुडी तीनदा सुटली.

शेजारी त्याचे वडील, बाबुराव, काटा धरून बसले होते. दुकानात कोण आलं, कोण गेलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. समोर सावली पडली की ते काट्यावरची नजर न हलवता एवढंच विचारत, "किती देऊ?"

आता ही पैज मेघनाला एवढी का झोंबली, ते सांगायला हवं. तिच्या मोठ्या बहिणीचं, दर्शनाचं, लग्न जानेवारीत होतं. नवरामुलगा प्रफुल्ल म्हणजे गरीब गाय. पण त्याची आई शांताबाई... बाई एसटीत कंडक्टर होत्या. खोपट डेपोतून रिटायर झाल्या तरी भरल्या गाडीत बिनतिकीट कोण बसलंय हे चेहऱ्यावरून ओळखणारी नजर काही रिटायर झाली नव्हती. हॉलची सजावट लव्हेंडर रंगाची ठरली, तेव्हा मेघना उत्साहाच्या भरात बोलून गेली, "पाहुण्यांना द्यायला मी लव्हेंडरचा साबण करते! घरी, सगळं नैसर्गिक."

शांताबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "नैसर्गिक ना? मग रंगपण नैसर्गिक पाहिजे. बाटलीतला ओतलास तर मला कळणार. दिवाळी झाली की नमुना आण. नाही जमलं तर स्टीलच्या वाट्या आहेतच."

स्टीलच्या वाट्या! लॅबमधली नोकरी सोडून साबण करायला लागल्यापासून घरचे या सगळ्याला 'मेघनाचा नाद' म्हणत. प्रेमाने म्हणत, हीच तर पंचाईत. भांडताही येत नसे. दर्शनाच्या लग्नात तिचा साबण पाहुण्यांच्या हातात पडला असता तर तो नाद उरला नसता, तिचं काम झाला असता. वाट्या जिंकल्या असत्या तर मात्र पुढची कितीतरी वर्षं त्यातून खीर खाताना तिला ते आठवलं असतं.

पुढच्या रविवारी रतन बाळकुमला तिच्या घरी आला. पैजेला साक्षीदार नको का? आईने दार उघडलं, त्याला नखशिखांत न्याहाळलं, "जय भीम, या," म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीत भाजी निवडायला बसली, अशी की गॅलरी नीट दिसावी.

गॅलरीत मेघना हातमोजे आणि डोळ्यांवर मोठा गॉगल चढवून उभी होती. पातेल्यात खोबरेल, एरंडेल आणि राइस ब्रान तेल. त्यात आठवडाभर रतनजोत भिजली होती. तेल लालभडक.

"मी बोललेलो ना?" रतन पातेल्यात डोकावला. "लाल."

"मागे हो!"

तो दचकून भिंतीला टेकला.

"कॉस्टिकचं पाणी आहे हे. भाजेल," ती म्हणाली, आणि मग जीभ चावली. "सॉरी... मागे व्हा, म्हणायचं होतं."

"नको. 'मागे हो' बरं वाटलं."

गॉगलच्या पट्ट्याखाली मेघनाचे कान तापले. तिने खाली बघत कॉस्टिकचं पाणी तेलात सोडलं आणि ब्लेंडर फिरवायला घेतला. लाल रंग आधी गढूळ झाला. मग करडा. मग तर अगदीच चिखल. रतन चिडवायला काहीतरी बोलणार होता, पण तिचा चेहरा बघून गप्प राहिला. ते तिच्या नंतरही लक्षात राहिलं.

"फिरवत रहा," तो हळूच म्हणाला. "होईल."

आणि करड्यातून निळा निघाला. निळ्यात जांभळा शिरला. ब्लेंडरच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो पसरत गेला, आणि बघता बघता पातेलंभर मऊ, दाट, साजूक जांभळा रंग झाला. लव्हेंडरचं तेल पडलं तसा गॅलरीत असा गंध पसरला की आईच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"झाला!" मेघना ओरडली. "झाला, झाला, झाला!"

"सही!" रतन तिच्याहून जोरात ओरडला. पैज हरलेल्या माणसाने इतकं खूश व्हावं, हे आईला जरा जास्तच वाटलं.

मग त्याने खिशातून एक पुडी काढली. आत लव्हेंडरची वाळलेली फुलं होती, काश्मीरहून मागवलेली. "तुझ्यासाठी आणलेली... म्हणजे साबणासाठी. टाक ना यात."

आता खरं सांगायचं तर, ओल्या साबणात फुलं मिसळली की ती काळपट तपकिरी पडतात, हे मेघनाला पक्कं ठाऊक होतं. पण तो ओंजळ पुढे करून इतका जवळ उभा होता... आणि त्याच्या बोटांना दालचिनीचा वास येत होता... माणसाला ठाऊक असलेल्या सगळ्याच गोष्टी वेळेवर आठवतात थोड्याच!

"टाक," ती म्हणाली.

साबण मुरायला काही आठवडे लागतात. लोणच्यासारखंच, घाई करून चालत नाही. तेवढ्या दिवसांत मेघनाने टेंभी नाक्यावरून इतकी रतनजोत आणली की आयुष्यभर पुरली असती. बाबुराव विचारत, "किती देऊ?" ती म्हणे, "थोडीच." मग ती आणि रतन तलावपाळीला जाऊन आईस्क्रीम खात. पैज जिंकल्यावर ते खायचं कारण नव्हतं, पण हा मुद्दा दोघांपैकी कुणी काढला नाही.

इकडे फळीवरचे साबण रंगाला झकास राहिले, पण फुलं? व्हायचं तेच झालं. "जिऱ्यासारखी दिसतात," दर्शनाने धीर दिला. नवा साबण करून मुरवायला वेळ नव्हता. आणि रतनला हे सांगायचा मेघनाला धीर झाला नाही. किती हौसेने आणली होती त्याने!

दिवाळी झाली. नमुन्यांचं खोकं स्कूटरवर पुढे घेऊन रतन मेघनाला खोपटला घेऊन आला. हरलेली पैज तो इमानदारीने फेडत होता. शांताबाईंच्या घरी दर्शना आणि प्रफुल्ल आधीच येऊन बसले होते, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे. रतन दाराजवळच्या वेताच्या मोड्यावर टेकला.

शांताबाईंनी साबण उचलला. उजेडात धरला. "रंग बाटलीतला नाही," त्या म्हणाल्या. मेघनाने श्वास सोडला. शांताबाईंनी साबण उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि नखाने एक ठिपका टोकरला.

"हे काय गं? यात उंदराच्या लेंड्या कशा आल्या?"

प्रफुल्लने पंख्याकडे बघायला सुरुवात केली. मेघनाच्या डोळ्यांसमोर स्टीलच्या वाट्यांची चळत उभी राहिली. फुलं आहेत ती, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात दाराजवळचा मोडा कलंडला. रतन ताडकन उभा राहिला होता.

"काकू, तिची काही चूक नाही. त्या लेंड्या माझ्या आहेत!"

आपण काय बोललो हे रतनच्या ध्यानात आलं तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग रतनजोतीच्या तेलावर गेला होता. "म्हणजे फुलं! फुलं माझी आहेत. लव्हेंडरची. मीच बोललो टाक म्हणून..."

पहिल्यांदा फुटली ती दर्शना. मग प्रफुल्ल. मग सगळे. मेघना रडता रडता हसायला लागली. फक्त शांताबाई हसल्या नाहीत. त्या साबण घेऊन उठल्या, मोरीत गेल्या, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

बाहेर आल्या तेव्हा ओले तळवे नाकाशी धरलेले होते.

"नोकरीभर ह्या हातांना चिल्लरीचा वास यायचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरी येऊन किती घासा, जायचा नाही. प्रफुल्ल लहान असताना म्हणायचा, आई, तुझ्या हाताला पैशांचा वास येतो." त्यांनी पुन्हा एकदा तळवे हुंगले. मग त्यांचा कंडक्टरचा आवाज परत आला. "नाव काय रे तुझं?"

"राजरत्न. घरी... रतन म्हणतात."

"मेघना, ऐक. रंग ठेव. वास ठेव. या पोरालापण ठेव, गाडीभर लोकांसमोर खरं बोलतोय. लेंड्या तेवढ्या काढ!"

जिन्यावरून उतरताना रतन दोन पायऱ्या मागे राहिला.

"काकू बोलल्या ते... पोरालापण ठेव म्हणून... त्यावर तुझं काय?"

"आधी लेंड्या काढू दे," मेघना म्हणाली आणि न वळता खाली उतरली. वळली असती तर सगळं चेहऱ्यावरच दिसलं असतं.

जानेवारीत लग्न झालं. पांढऱ्या साडीत दर्शना देखणी दिसत होती. बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या, पंचशील झालं, आणि जेवणानंतर शांताबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या. "चला, पुढे सरका! एकाला एकच!" म्हणत त्यांनी जांभळ्या वड्या वाटल्या, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही ऐकवलं, "घरचा आहे. आमच्या सुनेच्या बहिणीने केलाय. रंग मुळाचा आहे, बाटलीतला नाही!" हॉलमध्ये जेवणाच्या वासावर लव्हेंडरने मात केली. कल्याणहून आलेल्या एका आत्याने आपल्या नातीच्या बारशासाठी तिथेच मागणी नोंदवली. मेघनाची आई प्रत्येकाला सांगत होती, "धाकटीचं काम आहे." काम म्हणाली ती. नाद नाही. मेघनाने ते कोपऱ्यात उभं राहून पोटभर ऐकलं. रिकामी खोकी उचलताना रतनने तिच्याकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेंभी नाक्यावर गेली. दुकान नुकतंच उघडलं होतं. रतन स्टुलावर चढून डबे पुसत होता, बाबुराव काटा पुसत होते. सावली पडली तशी त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मेघनाच बोलली.

"रतन आहे का?" मेघनाने विचारलं.

स्टुलावरचा हात थांबला. "आहे," वरून आवाज आला, जरा कापरा. "पण जोत..."

"ती मी आणलीय. मला फक्त रतन पाहिजे."

बाबुरावांची नजर काट्यावरच होती. त्यांना ऐकू आलं ते फक्त 'पाहिजे', आणि सवयीने बाहेर पडला तो त्यांचा नेहमीचा प्रश्न.

"किती देऊ?"

मेघना मान वर करून हसली. आज तिने ते हसू गिळलं नाही.

"अख्खा."