धक्क्यावरचा काळा कागद

साल एकोणीसशे शहाण्णव. बोटींच्या धुरासाठी नवा, कडक नियम त्याच वर्षी आला. रेल्वेच्या डिझेल इंजिनांना मात्र वीस वर्षांपूर्वीचाच सैल नियम चालू होता. हवा तेव्हा कागदावर मोजत. बोटीच्या धक्क्यावर एक पेटी होती आणि रेल्वे यार्डात दोन, शेजारी शेजारी. पेटी आठवडाभर हवा ओढायची आणि आतल्या पांढऱ्या गोल कागदावर काजळी बसायची. कागद इतका नाजूक, की त्यावर काही लिहिता येत नसे. क्रमांक असायचा तो पाकिटावर.

सोमवारी सकाळी धूर-निरीक्षक खुर्चीत टेकते न टेकते तोच फोन वाजला. वय जेमतेम बत्तीस, पण सगळे तिला धूरबाई म्हणत. तोंडावरसुद्धा.

"धक्क्यावरचा कागद काळाकुट्ट आलाय," साहेब म्हणाले. "मर्यादेच्या तिप्पट. फेरीबोटीला सील ठोका. शुक्रवारी सुनावणी. इंजिनवाल्याचं लायसन्स जाणार."

इंजिनवाला धक्क्यावरच उभा होता. पन्नाशीचा, नखांत ग्रीस.

"बाई, नोझल बदलून तीन महिने नाही झाले. माझं इंजिन असा धूर ओकणार नाही."

"सगळे असंच म्हणतात, काका."

"मग सगळ्यांच्या धुराड्यात हात घाला. आधी माझ्या."

तिने हाताला पांढरं फडकं गुंडाळलं आणि हात धुराड्यात घातला. फडकं राखाडी निघालं. काळं नाही.

"पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

"तुमच्याच ऑफिसात. आम्हाला तिला हात लावायची चोरी."

कुलूप शाबूत होतं. कुठे ओरखडा नव्हता.

"गेल्या आठवड्यात दुसरी कुठली बोट लागली?"

"एकही नाही. तिकीटवाल्याला विचारा."

तिकीटवाल्यानेही तेच सांगितलं. ती सील लावत असताना इंजिनवाला हळूच म्हणाला, "सव्वीस वर्षं या इंजिनापाशी काढली. दुसरं काही येत नाही हो मला."

कागद आणणं आणि वजन करणं, ही दोन्ही कामं आत्यांची. धूरबाईच्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर तिला वाढवलं आत्यांनी आणि या खात्यात लावलं तेही त्यांनीच. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद खराब झाला नव्हता. साहेब नव्या माणसांना पहिल्या दिवशी हेच सांगत. ऑफिसात दोघी एकमेकींना 'अहो बाई'च म्हणत.

"अहो बाई, धक्क्यावरचा कागद कोणी आणला?"

"मी. शनिवारी सकाळी."

"यार्डातले?"

"तेही मीच. त्याच फेरीत."

"वजन?"

"दोनदा केलं. निरीक्षकबाईंना आणखी काही विचारायचंय?"

शेजारच्या कारकुनाने हसू दाबलं. धूरबाईने वही पुढे ओढली. यार्डापुढे आत्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, 'कागद एक ठीक. कागद दोन फाटला, टाकला.' तिने सही करून काळा कागद घेतला. कपाटातला धक्क्यावरचा मागच्या महिन्याचाही घेतला.

बुधवारी ती यार्डात गेली. तीन इंजिनं नुसती घुरघुरत उभी होती. एक फिटर दोरीला लोहचुंबक बांधून रुळांमधून ओढत होता.

"काय पकडताय?"

"पडलेला स्क्रू. पण आधी ही दाढी येते." त्याने चुंबक वर धरला. त्याला काळी लव चिकटली होती. "ब्रेकचा चुरा, बाई. गाडी थांबली की लोखंड झिजतं. आमच्या नाकात, डब्यात, सगळीकडे हाच."

"शनिवारी कागद काढताना तुम्ही होतात?"

"होतो की. मोठ्या बाई आल्या, दोन्ही कागद चिमट्याने काढले, दोन पाकिटांत घातले. काय हात आहे त्यांचा! जरा थरथर नाही."

तिने त्याच्याकडून चुंबक मागून घेतला. ऑफिसात येऊन दार लावलं आणि दोन्ही कागदांवरची काजळी चिमूटभर खरवडली. पाच मिनिटांत तिला हवं ते कळलं होतं.

साहेबांची खोली समोरच होती. ती तिकडे गेली नाही.

संध्याकाळी घरी तिने चुंबक जेवणाच्या टेबलावर ठेवला. आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आत्या, तुला काही सांगायचंय का?"

"जेवून घे आधी. गार होतंय."

गुरुवारही तसाच गेला.

शुक्रवारी साहेबांच्या टेबलाभोवती चौघं बसली. इंजिनवाल्याचे डोळे सुजलेले होते. धूरबाईने कोऱ्या कागदावर काजळीच्या दोन चिमट्या ठेवल्या.

"ही धक्क्यावरची, मागच्या महिन्याची." तिने खालून चुंबक फिरवला. काही हललं नाही. "आणि ही या आठवड्याची."

काळे दाणे उभे राहिले आणि चुंबकामागून चालू लागले.

"लोखंड?" साहेब म्हणाले.

"ब्रेकचा चुरा. बोटीला ब्रेक नसतात, साहेब. हा कागद धक्क्यावर कधी लागलाच नव्हता. हा यार्डातला आहे. वहीत यार्डाचा दुसरा कागद फाटला असं लिहिलंय. पण फिटरने दोन्ही कागद धड पाकिटात जाताना पाहिले. क्रमांक पाकिटावर असतो. पाकीट बदललं की कागद बदलला. पाकिटं त्या दिवशी एकाच माणसाच्या हातात होती."

 तिने चुंबक टेबलावर आडवा ठेवला.

"फाटला नव्हता," आत्या म्हणाल्या. "धक्क्याचा कागद माझ्या हातून पडला. जिन्यात, नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर. चिखल झाला त्याचा. 'खराब' लिहायला पेन उचललं, पण पस्तीस वर्षांत तो शब्द माझ्या नावापुढे कधी लिहिला नव्हता. यार्डाचे दोन होते. वाटलं, काजळी ती काजळी, कुणाला कळतंय? रेल्वेच्या नियमात तो कागद सहज बसत होता. बोटीच्या नियमात तिप्पट होईल हे वजन केल्यावर दिसलं. तोवर वहीत लिहून झालं होतं."

"सोमवारी का नाही बोललात?" इंजिनवाल्याने विचारलं.

"लाज वाटली. मंगळवारी सोमवारचीही वाटली."

"काल पहाटे माझ्या दाराला कुणीतरी काजळी फासली, बाई. सबंध गल्लीदेखत माझी बायको ते दार घासत होती."



बोट शनिवारी सुटली. इंजिनवाला पुढे दहा वर्षं तिच्यावर होता आणि मग मुलाकडे राहायला गेला. आत्यांनी राजीनामा दिला. त्या आणखी अकरा वर्षं जगल्या. पलीकडे जायचं तर पुलावरून बसने वळसा घालून जात, फेरीबोटीत कधी बसल्या नाहीत. त्या काळ्या कागदामुळे रेल्वेलाही बोटींचाच नियम लागू झाला. उभी इंजिनं बंद ठेवावी लागू लागली. साहेबांना त्याबद्दल बढती मिळाली आणि ती त्यांनी घेतली. यार्डातला फिटर नियम लागू व्हायच्या आधीच छातीच्या दुखण्याने गेला.

धूरबाई निवृत्तीपर्यंत त्याच खात्यात राहिली. इंजिनवाला दर वर्षी भेटायला यायचा, "तुम्ही होतात म्हणून," असं म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. काजळी फासली गेली ती गुरुवारी आणि तिला सगळं कळलं होतं बुधवारी, हे तिने त्याला कधीच सांगितलं नाही.