कापून टाकलेले श्वास

सन २०११चा फेब्रुवारी महिना. थंडी ओसरत आली होती आणि दुपारी पंखा लावावा की नाही, असा प्रश्न पडू लागला होता. त्या दिवसांत कानसेन एका कामापायी पुरते वैतागले होते. कानसेन हे त्यांचे नाव नव्हे, धंद्यातल्या लोकांनी दिलेली पदवी. गायकाचा आवाज आणि एकेक वाद्य सुटे सुटे ध्वनिमुद्रित होऊन त्यांच्याकडे येई. ते सारे एकत्र बसवून त्याचे गाणे करणे, हा त्यांचा तीस वर्षांचा व्यवसाय. त्यांची एक खोड सर्वश्रुत होती. दोन ओळींच्या मध्ये गाणारा जो श्वास घेतो, तो ते हटकून कापून टाकीत. गाणे कसे आरशासारखे लख्ख हवे, असे त्यांचे म्हणणे.

काम साधेच होते. एक गायिका चार गाणी गाऊन महिन्याभरात वारली होती आणि तिच्या थोरल्या बहिणीने ती पुरी करण्यासाठी यांच्या हवाली केली होती. पहिल्या गाण्यातले एकेचाळीस श्वास कानसेनांनी कापले. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसले, तो कडव्यामागे कोणीतरी धापा टाकत होते.

दार बंद, खिडकी तर त्या खोलीला मुळातच नाही. त्यांनी ड्रम बंद केले, व्हायोलिने बंद केली, अखेरीस गायिकेचा आवाजही बंद केला. धाप उरलीच. संगणकाच्या पडद्यावर मात्र आवाजाची नुसती सरळ रेघ. तारा तपासून झाल्या, स्पीकर बदलून झाले. यंत्रे दुरुस्त करणारा येऊन, दोन कप चहा पिऊन, आपल्याला तर काही ऐकू येत नाही असे सांगून गेला.

तेव्हा कानसेनांना स्वतःच्या कानांचीच शंका आली. यंत्र बिघडले तर बदलता येते. कान बिघडले तर धंदाच आटोपला. कानाच्या डॉक्टरांनी कसून तपासणी केली आणि कान पंचविशीतल्या माणसाचे आहेत, असा निर्वाळा दिला. त्यावर ते अधिकच भडकले. पत्नीला मुद्दाम आणून गाणे ऐकवले. तिला काहीच ऐकू आले नाही. उलट, घरात चारदा हाक मारली तरी यांना ऐकू जात नाही, परक्या बाईची धाप तेवढी बरी ऐकू येते, असे तिने सुनावले.

धाप दिवसागणिक वाढत चालली. कडव्यामागची मुखड्यात आली, मग तिच्यात ओली घरघर मिसळली. खोलीला वर्षानुवर्षे न उघडलेल्या कपाटासारखा कोंदट वास येऊ लागला. ऐकता ऐकता कानसेनांचाच जीव कोंडे, आणि भर दुपारी ते काम टाकून रस्त्यावर येऊन उभे राहत.

अखेर नऊ मार्चला त्यांनी गायिकेच्या बहिणीला बोलावून घेतले. कान थकले असे सांगावे, काम परत करावे आणि कायमचे घरी बसावे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. तत्पूर्वी झाले तेवढे ऐकवणे भाग होते. बाई डोळे मिटून बसल्या. कडवे आले, तसा त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"तुम्हालाही... ऐकू येतंय?" कानसेनांनी दबक्या आवाजात विचारले.

"न यायला काय झालं? माझी बहीण आहे ती." बाईंनी डोळे उघडले. "दम लागलाय तिला. अख्खं गाणं एका दमात गायला लावताय, दादा... रोजच्या रोज. श्वास तरी घेऊ द्या."

कानसेनांनी खुर्ची यंत्राकडे ओढली. मूळ ध्वनिमुद्रणातून एकेक श्वास काढून त्यांनी तो जागच्या जागी परत बसवला. तीन तास गेले. मग गाणे पहिल्यापासून लावले. गायिका ओळ संपवी, श्वास घेई, पुढची ओळ उचली. मागे चिटपाखरूही नव्हते. बाईंनी डोळे पुसले, गाणे पसंत केले आणि उरलेली तिन्हीही अशीच करा, असे सांगून त्या गेल्या.

प्रकरण मिटले. कान शाबूत होते, धंदा शाबूत होता. कित्येक दिवसांनी कानसेन उजेडी घरी पोहोचले. पत्नी रेडिओ लावून भाजी चिरत होती. बावीस वर्षांपूर्वीचे गाणे लागले होते. ज्याने त्यांचे नाव झाले, तेच. गायकाला जाऊनही एव्हाना बरीच वर्षे लोटली होती.

पत्नीने सुरी खाली ठेवली आणि कान दिला.

"अहो," ती म्हणाली, "हा एवढ्या धापा का टाकतोय?"