सेल काढू नका

जेवणं आटोपली की नणंद पंखा बंद करते, कारण मामांचा आवाज पंख्यात हरवतो. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. आमच्या लग्नाला सव्वादोन महिने झाले. एवढ्यात त्यांनी मला तीन भुतं ऐकवली आहेत, आणि तिन्ही त्यांच्या ओळखीच्या माणसांना भेटलेली.

"मामा, तुमची भुतं अनोळखी माणसाला कधीच कशी भेटत नाहीत?" धाकट्या दिराने विचारलं.

"भेटत असतील की. मला येऊन कोण सांगणार? गप बस."

मी वाटीतली बडीशेप संपवत होते.

मामांचा एक मित्र आहे, भिंगवाला. जुने, चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कपाळावर कायम भिंग. लग्नाआधी मुलगी बघायलाही ते लावूनच गेला होता म्हणे. "आणि तरी फसला," मामा म्हणाले. सगळे हसले. मामीही हसल्या, जरा उशिरा.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी संध्याकाळी, त्याच्याकडे एक रिटायर मास्तर आले. टॉवेलात गुंडाळून मशीन आणलेलं, तान्ह्या मुलासारखं. कीबोर्डच्या कळा आणि कॉम्प्युटर एकाच खोक्यात, टीव्हीला जोडायचं ते जुनं मॉडेल. असली मशीनं बंद केली की सगळं विसरतात. याला मात्र मागे जादा मेमरीची डबी होती, दोन सेलवर चालणारी. सेल असेपर्यंत लिहिलेलं राहायचं.

"चित्र येत नाही," मास्तर म्हणाले. "ते दुरुस्त करा, आणि नव्या टीव्हीला जोडता येईल असं करा. पण सेल काढू नका. काढायचेच झाले तर आधी प्लग लावा, मग काढा. एकतीस वर्षं मी तसंच करतोय."

"असं काय आहे आत?"

मास्तरांनी सांगितलं. तेरा वर्षांची मुलगी. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. म्हणून पलंगाशी हे मशीन ठेवलेलं. ती टाइप करायची, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, आणि घरचे टीव्हीवर वाचायचे. एके दिवशी संध्याकाळी चित्र गेलं. उद्या बघू म्हणाले. त्या रात्री जागायची पाळी मास्तरांची होती. सकाळी पाहिलं तर मुलगी गेली होती. बोटं कळांवर होती.

"काहीतरी लिहिलंय तिने," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं बघायचा धीर झाला नाही. आता वय झालं. परवा सकाळी येतो."

बुधवारी दुपारी भिंगवाल्याने मशीन पुढ्यात घेतलं. तीस वर्षांचा हात त्याचा. कुठलंही मशीन आलं की पहिलं काम काय? सेल काढायचे. फुटलेला सेल बोर्ड खातो. आणि यातला एक सेल पाझरलाच होता, हिरवं पाणी पार तारेपर्यंत पोचलेलं. ते दिसलं आणि हात गेला.

दोन्ही सेल टेबलावर ठेवले... तेव्हा त्याला आठवलं.

"अरेरे," नणंद म्हणाली.

त्याने प्लग लावला, सेल परत घातले. चित्राचं काम तासाभरात झालं. चित्र छान आलं. मोकळं. एक अक्षर नाही. मेमरी धुऊन गेलेली.

मग त्याने काय करावं? रात्री अकरा वाजता खुर्चीत बसून स्वतःच्या बोटांनी लिहिलं, तिच्यासारखंच, इंग्रजी अक्षरांत : बाबा, आज दुखत नाही. तुम्ही झोपा.

"चांगलंच केलं की," मी म्हणून गेले. या घरात मी आपणहून फार बोलत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऐक पुढे," मामा म्हणाले.

सेल पाझरके, म्हणून ते त्याने पुन्हा काढून ठेवले, सकाळी नवे आणू म्हणून. ओळ सकाळी परत मशीनमध्ये भरता यावी म्हणून कॅसेटवर उतरवून घेतली, प्लग काढला आणि वर झोपायला गेला. एक वाजून वीस मिनिटांनी जाग आली. खालून आवाज.

टक. टक. टक.

उंदीर असेल. जिना उतरला.

टीव्ही चालू होता. पडद्यावर त्याची ओळ होती. शेवटून एकेक अक्षर पुसलं जात होतं. झोपा गेलं. तुम्ही गेलं. दुखत नाही गेलं...

मग नुसती लुकलुकणारी रेघ.

मग अक्षरं आली.

बाबा पाणी.

थोडं थांबून... बाबा.

मग... उठा.

उठा.

उठा.

पडदा भरला. ओळी वर सरकत राहिल्या. तो प्लग काढायला धावला. प्लग जमिनीवरच पडलेला होता. सेल टेबलावर. त्याने टीव्हीची तार उपटली. अंधार.

अंधारात कळा वाजत राहिल्या. चार वेळा. थांबून पुन्हा चार वेळा.

उजाडेपर्यंत.

आठला मास्तर आले. इस्त्रीचा सदरा घालून. भिंगवाल्याने हात जोडले. "मास्तर, माझ्या हातून चूक झाली. सगळं गेलं. आत काही उरलं नाही."

"लावा तर खरं."

"नको, मास्तर."

"लावा."

त्याने लावलं. रात्री उमटलेलं सगळं पडद्यावर होतं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. मुलांच्या वह्या तपासाव्यात तसं, एकही ओळ न गाळता. बराच वेळ.

"म्हणजे ती खेळत नव्हती," ते म्हणाले.

"काय?"

"कळा ऐकू आल्या होत्या मला. त्या रात्री. वाटलं, झोप येत नाही म्हणून खेळतेय. म्हटलं, पुरे झालं गं आता... आणि कूस बदलली."

मास्तरांनी टॉवेलाची नीट घडी घातली. दारापर्यंत गेले. वळले.

"तुम्हाला काय झालं होतं हो? एखादी ओळ खोटी लिहिली असतीत..."

आणि गेले. मशीन तिथेच ठेवून.

मामा थांबले. दिराने पंख्याकडे पाहिलं, पण उठला नाही.

"मास्तर उन्हाळ्यात वारले," मामा म्हणाले. "मशीन आहे. भिंगवाल्याने कपाटावर टाकलंय. सेल नाहीत, तार नाही. आता त्याला कोणी हात लावत नाही. मागच्या महिन्यात मी स्टूल घेऊन चढलो आणि पाहिलं. बोटभर धूळ. खोक्यावर, कडेला, सगळ्या कळांवर."

"मग?" नणंदेने विचारलं.

"चार कळा सोडून. यू, टी, एच, ए. त्या लख्ख होत्या."